टूर द फ्रान्सच्या घाटांतून सायकल सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर ऑक्टोबरमध्ये पॅरिसला पुढच्या वर्षीच्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा मार्ग जाहीर होतो आणि तिच्या घाटांत सायकल सहल नेणाऱ्या आमच्याकडे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवली आहेत. फोन करण्याआधी एकदा शांतपणे वाचा. उताराबद्दलचा भाग तर नक्कीच वाचा.

या सहलीत आम्ही शर्यतीत भाग घेतो का?

नाही. शर्यत फक्त व्यावसायिक संघांची असते. २३ दिवसांत २१ टप्पे आणि विश्रांतीचे दोन दिवस, असा तिचा साचा आहे. आपण त्यातल्या डोंगराळ टप्प्यांच्या आसपास आठ-नऊ दिवस राहतो. ज्या घाटातून शर्यत दुपारी जाणार, तोच घाट सकाळी आपल्या सायकलने, आपल्या वेगाने चढतो, वर किंवा मधल्या एखाद्या वळणावर बसतो आणि त्यांची वाट बघतो. उरलेल्या दिवशी शर्यत दुसरीकडे असते, तेव्हा त्याच भागातले गाजलेले घाट निवांतपणे करतो.

सर्वसामान्य सायकलस्वारांना बंद रस्त्यावर टूरचा एक अख्खा टप्पा पार करू देणारी ‘एताप द्यू तूर’ नावाची राइड १९९३ पासून होते. ती वेगळी. तिची नोंदणी, वेळेची मर्यादा सगळं आयोजकांच्या हातात असतं. आमच्या सहलीत ती धरलेली नाही.

एवढ्या लांब जाऊन शर्यत दिसते तरी किती?

हा प्रश्न घरची मंडळी जास्त विचारतात, आणि तो रास्त आहे. सपाट रस्त्यावर उभे राहिलात तर दीडशेहून अधिक सायकलींचा जथा अर्ध्या मिनिटात सूं करून निघून जातो. रंग दिसतात, चेहरे दिसत नाहीत. म्हणूनच आम्ही सपाट टप्प्यांवर जातच नाही.

घाटात चित्र वेगळं असतं. चढावर जथा फुटतो. आधी दोघं-चौघं आघाडीवीर येतात, मग पिवळ्या जर्सीभोवतीचा (म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याभोवतीचा) घोळका, मग एकेकटे, दमलेले, जर्सीची चेन उघडी टाकलेले. सगळ्यात शेवटी वेगाने धावणारे पण चढाला जड असलेले खेळाडू एकत्र, वेळेच्या मर्यादेत पोचण्याचा हिशोब करत येतात. त्यांच्यामागे शर्यत सोडलेल्यांना गोळा करणारी गाडी. पहिल्या आणि शेवटच्या स्वारात अर्धा तास सहज जातो. कठीण टप्प्याच्या शेवटच्या घाटात हे सगळे हाताच्या अंतरावरून, ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगाने जातात. श्वास ऐकू येतो.

त्याआधी साधारण दोन तास जाहिरातदारांच्या सजवलेल्या गाड्यांचा ताफा जातो. १९३० पासूनची ही प्रथा. टोप्या, बिस्किटं, किल्ल्यांच्या साखळ्या फेकत गाड्या जातात, आणि पन्नाशीतले गृहस्थही एका टोपीसाठी उड्या मारतात. मात्र मुलं पुढे असतील तर वस्तू त्यांना घेऊ द्या.

खरं सांगायचं तर या सहलीत वाट बघण्याचे चार-पाच तास शर्यतीइतकेच मोलाचे असतात. शेजारी डेन्मार्कचं कुटुंब असतं, पलीकडे कोलंबियाचा झेंडा, कुणीतरी रस्त्यावर खडूने नावं लिहीत असतं. ज्याला हे तास ‘वाया’ वाटतील त्याने ही सहल घेऊ नये, एवढं मी आधीच स्पष्ट सांगतो.

कोणते घाट करतो?

शर्यतीचा मार्ग दरवर्षी बदलतो, त्यामुळे यादीही बदलते. मुक्काम मात्र दोन भागांतच ठेवतो: आल्प्समध्ये ल बूर-द्वाझां या गावाजवळ, किंवा पिरेनीजमध्ये लूर्दच्या परिसरात.

बूर-द्वाझांहून आल्प द्युएझचा चढ सुरू होतो. १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के, म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर वर. २१ वळणं आहेत आणि त्यांचे आकडे उलटे लावलेले आहेत. सर्वांत खालचं एकविसावं, वर पोचता पोचता पहिलं. प्रत्येक वळणावर इथे जिंकलेल्यांच्या नावाची पाटी आहे. एकविसाव्यावर फाउस्तो कोप्पीचं नाव दिसेल, कारण १९५२ साली शर्यत इथे पहिल्यांदा आली तेव्हा तोच जिंकला. पहिले दोन किलोमीटर सर्वांत वाईट, दहा टक्क्यांच्या वर. जोशात सुटलेले आपले लोक तिथेच संपतात. पाटीवर १६ दिसेपर्यंत शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतकाच जोर लावा. सातव्या वळणावर एक लहानसं चर्च आहे. शर्यतीच्या दिवशी ते सगळं वळण नारिंगी झालेलं असतं, कारण ते डच प्रेक्षकांचं मानलं जातं. १९७६ ते १९८९ या काळात डच सायकलपटूंनी हा टप्पा आठ वेळा जिंकला, तेव्हापासूनची ही जवळीक. इटलीचा शर्यतपटू मार्को पांतानी हा घाट सुमारे ३८ मिनिटांत चढला होता. आपल्या गटातले बहुतेक दीड ते दोन तास घेतात, आणि ते अगदी ठीक आहे.

त्याच मुक्कामाहून गालिबिए करता येतो. उंची २,६४२ मीटर, म्हणजे कळसूबाईच्याही जवळजवळ हजार मीटर वर. शर्यत इथे १९११ मध्ये पहिल्यांदा आली. दक्षिणेकडे बोगद्याच्या तोंडाशी टूरचे जनक आंरी देग्रांज यांचं स्मारक आहे. तिथे थांबून फोटो काढतोच.

पिरेनीजमध्ये तुर्माले. २,११५ मीटर. १९१० मध्ये शर्यत पहिल्यांदा या डोंगरात शिरली, तेव्हा हे रस्ते म्हणजे खडी आणि चिखलाच्या पायवाटा होत्या. मला या घाटाच्या शेंड्यापेक्षा त्याच्या पूर्वेकडच्या पायथ्याचं सेंत-मारी-द-कांपां हे गाव जास्त प्रिय आहे. १९१३ साली तुर्माले उतरताना युजेन क्रिस्तॉफ या शर्यतपटूच्या सायकलचा पुढचं चाक धरणारा चिमटा मोडला. नियम असा, की दुरुस्ती ज्याची त्याने करायची. तो सायकल खांद्यावर टाकून दहा किलोमीटरांहून जास्त चालत या गावात आला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः चिमटा जोडला, आणि पुढे निघाला. भट्टीचा भाता गावातल्या एका लहान मुलाने हलवला, ही ‘बाहेरची मदत’ म्हणून अधिकाऱ्यांनी त्याला वर दंड ठोठावला. गावात त्याची स्मृतिशिला आहे. तिथे मी प्रत्येक गटाला ही गोष्ट सांगतो आणि प्रत्येक वेळी माझाच आवाज जड होतो.

आपल्याकडे अशी काही परंपरा आहे का? घरच्यांना कसं समजावू?

मुंबई-पुणे सायकल शर्यत आठवून पाहा. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. टूरमध्ये हाच मान १९३३ पासून आहे, आणि १९७५ पासून त्याला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. घरच्यांना एवढं सांगितलं की पुढचं आपोआप कळतं.

शर्यतीच्या दिवशी रस्ता कधी बंद होतो?

सगळ्या दिवसाचं वेळापत्रक या एका गोष्टीवर ठरतं. मोठ्या घाटात मोटारींना पहाटेपासून, कधीकधी आदल्या संध्याकाळपासूनच बंदी असते. सायकलींना त्यानंतरही सोडतात, पण कुठवर आणि किती वाजेपर्यंत हे शेवटी त्या वळणावर उभा असलेला पोलीस ठरवतो. शेवटची रेषा घाटमाथ्यावरच असेल तर वरच्या काही किलोमीटरांत कठडे लागतात आणि तिथे लवकर अडवतात. पोलिसाने शिटी मारून ‘उतरा’ म्हटलं की उतरायचं. वाद घालायचा नाही, ‘फक्त दोन वळणं’ म्हणायचं नाही.

आम्ही सकाळी सहा-साडेसहाला निघतो. कधी उठवण्यावरून कुरकुर होते. अशा वेळी मी २०१६ सालचं उदाहरण देतो. माँ व्हाँतू या डोंगरावर वाऱ्याचा जोर इतका होता की शेवटची रेषा सहा किलोमीटर खाली आणावी लागली. वरचे प्रेक्षकही खाली आले, रस्ता तुंबला, मोटारसायकल अडकली, मागचे स्वार तिच्यावर आदळले, आणि पिवळी जर्सी घातलेला क्रिस फ्रूम मोडलेली सायकल सोडून चक्क धावत सुटला. गर्दीत कुठे उभं राहायचं याचा निर्णय लवकर पोचणाऱ्यालाच घेता येतो.

परतीलाही घाई नको. शेवटची गाडी गेल्यावर रस्ता खुला होतो तेव्हा हजारो सायकली, पायी लोक आणि मोटारी एकदम खाली सुटतात. आम्ही तासभर वरच थांबतो.

माझी तयारी किती असायला हवी?

तुम्ही सलग ८० किलोमीटर चालवत असाल आणि आठवड्यातून तीनदा सायकलवर बसत असाल, तर सहा महिन्यांत तयारी होते. वेग लागत नाही. लागतो तो न थांबता दीड-दोन तास चढत राहण्याचा सराव, आणि तिथेच आपली अडचण आहे. आपले बहुतेक घाट अर्ध्या-पाऊण तासात संपतात. पाय गरम होईपर्यंत वर चहाची टपरी येते.

म्हणून पुण्या-साताऱ्याकडच्यांना मी पसरणी घाट सुचवतो. वाईहून पाचगणी साधारण १२ किलोमीटर, उंचीत पावणेसहाशे मीटरच्या आसपास फरक. एकदा चढा, उतरा, काहीही न खाता-पिता गप्पांत न रमता पुन्हा चढा. दोन वेळा मिळून जवळपास आल्प द्युएझएवढी उंची होते. हे जमलं की पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वर. सुमारे ४० किलोमीटर, जवळजवळ समुद्रसपाटीपासून थेट १,३५० मीटरच्या आसपास. हा चढ बसल्या बैठकीत, संवाद साधता येईल अशा श्वासात पूर्ण झाला तर तुम्ही तयार आहात.

चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. ही अट आहे. वरची वयोमर्यादा मात्र नाही.

पण जूनपासून पाऊस. मग सराव कसा?

सहल जुलैत आणि ऐन सरावाच्या दिवसांत सह्याद्रीत धुकं, निसरडे रस्ते, दरडी. या काळात घाटात सरावाला जाऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. मोठे चढ जानेवारी ते मे या काळातच उरकायचे. उन्हाळ्यात पहाटे पाचला निघायचं, नऊपर्यंत घरी. जूनपासून घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) आठवड्यातून दोनदा तासभर, जड गिअर, संथ पॅडल. कंटाळवाणं आहे, पण कामाचं आहे.

उतरायला काय शिकायचं? उतार तर सोपा असतो ना?

नाही. आजवर आमच्या सहलींत झालेले सगळे छोटे-मोठे अपघात उतारावरचे आहेत, एकही चढावरचा नाही.

पहिली गोष्ट: फ्रान्समध्ये वाहतूक उजवीकडून. चढताना हे लक्षात राहतं. वर फोटो काढून, खाऊन, गप्पा मारून उतरायला लागलो की मेंदू आपोआप डावी बाजू धरतो. म्हणून माथ्यावरून निघताना प्रत्येकाने मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं, हा आमचा नियम आहे. पोरकट वाटतो. तरी म्हणायचंच.

दुसरी: तिथल्या भाड्याच्या सायकलींना पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो. मोटारसायकलमुळे आपल्या हाताला उजवीकडच्या पुढच्या ब्रेकची सवय. घाबरून दाबला जातो तो नेमका चुकीचा ब्रेक. पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानावर अर्धा तास फक्त ब्रेकचा सराव घेतो. हवं असेल तर दुकानातून बदलूनही घेता येतो, आधी सांगा.

तिसरी: वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबायचा-सोडायचा. नजर पुढच्या वळणाच्या शेवटावर.

आणि थंडी. माझ्या पहिल्या गालिबिएला मी घामाने भिजलेल्या जर्सीवरच उतरायला लागलो. पाच-सहा किलोमीटरांत बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबला जातोय की नाही कळेना. रस्त्याकडेला आपल्या गाडीघरात राहिलेल्या एका वयस्कर जोडप्याने मला आत बसवून कॉफी दिली, म्हणून निभावलं. तेव्हापासून विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात नसतील तर मी कुणालाही वर जाऊ देत नाही. पूर्वीचे शर्यतपटू माथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीच्या आत छातीवर सरकवत. विसरलात तर हा उपाय आजही चालतो.

पिरेनीजमध्ये पोर्ते द’आस्पेच्या उतारावर फाबियो कासार्तेल्लीचं स्मारक आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा हा सुवर्णपदक विजेता १८ जुलै १९९५ रोजी तिथे उतरताना पडून गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं व्हायला २००३ साल उजाडलं, आणि तेही आंद्रेई किविलेव्हच्या मृत्यूनंतर. आमच्या सहलीत हेल्मेटशिवाय पार्किंगमध्येसुद्धा चालवायचं नाही.

सायकल इथून न्यायची की तिथे भाड्याने?

भाड्याने. विमानात सायकल नेणं, खोक्यातून काढून जुळवणं, यात पहिला दिवस जातो. पॅडल, बूट, हेल्मेट आणि मोजमापं मात्र आपली न्या. सीटची सवय असेल तर तीही.

गिअरबद्दल आग्रही राहा. पुढच्या दोन चाकत्या ५० आणि ३४ दातांच्या, मागे सर्वांत मोठी चाकती ३४ दातांची. यापेक्षा जड नको. एका वर्षी एका दुकानाने ठरवूनही शर्यतीच्या गिअरच्या सायकली हातात दिल्या आणि आमच्या गटातल्या दोघींना पहिल्याच चढावर सायकल हातात धरून चालावं लागलं. आता दुकानाकडून फोटो मागवल्याशिवाय पैसे भरत नाही.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

राहणार नाही, पण तयारी लागते. पाव, लोणी, अंडी, पास्ता, सूप, फळं सगळीकडे. आल्प द्युएझचा भाग जुन्या दोफिने प्रांतातला, आणि तिथली साय-दुधात शिजवलेली बटाट्याच्या कापांची ग्रातां थकलेल्या पायांना अमृत आहे. सावध राहायचं ते दोन ठिकाणी. सॅलडमध्ये किंवा बटाट्याच्या पदार्थांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. आणि कोंते, बोफोर, रब्लोशों या डोंगरी चीजांत वासराच्या जठरातलं विरजण वापरतात. कडक शाकाहारी असाल तर हे माहीत हवं. जैन मंडळींनी आधी बोलावं, काही मुक्कामी आम्ही स्वतः खिचडी लावतो.

दुपारी दोननंतर आणि रात्री नऊनंतर गावातली स्वयंपाकघरं बंद. उशिरा पोचलात तर थंड पाव. म्हणून प्रत्येकाने थोडे लाडू, मेतकूट, भाजलेले दाणे आणावेत. काही वर्षी आषाढी एकादशी सहलीतच येते. उपास करणाऱ्यांनी त्या दिवशी मोठा घाट करू नये. गटामागून येणाऱ्या आपल्या गाडीत बसा.

पाणी?

गावोगावी दगडी हौद असतात. पाटीवर ‘ओ पोताब्ल’ असेल तर प्यायचं, ‘नों पोताब्ल’ असेल तर नाही.

बायकांसाठी सोय कशी असते?

(हे उत्तर आमच्या सहकारी ताईंचं.) स्पष्टच लिहिते, कारण गटातल्या मुली मला एकटीला गाठून हे विचारतात. घाटात सहा तास बसायचं आणि स्वच्छतागृह शेंड्यावर किंवा खालच्या गावात, तेही रांगेचं. आम्ही बसण्याची जागा निवडतानाच हॉटेल किंवा कॅफे चालत जाण्याइतकं जवळ आहे का ते बघतो. बिब शॉर्ट्सऐवजी (खांद्यावर पट्टे असलेल्या) साधी सायकलिंग शॉर्ट्स घाला, कामं निम्मी सोपी होतात. पाळी येणार असेल तर मला सांगा, त्या दिवसाचं सामान मागच्या गाडीत वेगळं ठेवते. पाणी कमी पिणं हा उपाय नाही.

स्त्रियांची टूर द फ्रान्स २०२२ पासून पुन्हा सुरू झाली आहे. २०२३ मध्ये ती तुर्मालेवर आली, डेमी व्हॉलेरिंग जिंकली. २०२४ मध्ये आल्प द्युएझवर संपली आणि कासिया नेविआदोमाने अख्खी शर्यत अवघ्या ४ सेकंदांनी राखली. तिकडे गर्दी कमी, जागा मोकळी, शर्यत तितकीच चुरशीची. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हल्ली तीच आधी सुचवते.

खेळाडूंना भेटता येतं का? त्यांच्याबरोबर धावलं तर?

टप्पा सुरू होणाऱ्या गावात सकाळी संघांच्या बसगाड्यांजवळ उभं राहिलं तर खेळाडू दिसतात, एखादी सही मिळते. घाटात मात्र हात मागे. १९९९ मध्ये आल्प द्युएझच्या शेवटच्या किलोमीटरात एक जण फोटो काढायला मधे आला आणि आघाडीवरचा ज्युझेप्पे ग्वेरिनी त्याच्यावर आदळून पडला. उठून तो जिंकला, हे त्याचं मोठेपण. धावायचं नाही, ढकलायचं नाही, झेंडा चाकापर्यंत जाईल असा धरायचा नाही. आमच्या गटातल्या कुणी हे केलं तर पुढचे घाट त्याने गाडीतून बघायचे.

हवामानाने टप्पाच रद्द झाला तर?

होऊ शकतं. २०१९ मध्ये इझरान घाटाच्या पलीकडे गारपीट झाली, दरड आली, आणि टप्पा मधेच थांबवून वेळा माथ्यावरच्या धरल्या. त्या दिवशी एगान बेर्नालकडे पिवळी जर्सी गेली. अशा वेळी पैसे परत मिळत नाहीत. आम्ही दुसऱ्या घाटात जातो.

व्हिसा, विमा?

शेंगेन व्हिसा, शुल्क ९० युरो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मार्चमध्येच करा, उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत भेटीची वेळ मिळत नाही. विम्याचं किमान संरक्षण ३०,००० युरो लागतं, पण त्यात डोंगरातली सायकल आणि तिथून हलवण्याचा खर्च धरला आहे का ते पॉलिसीत शब्दशः वाचा. अनेकांत नसतो. तातडीचा क्रमांक ११२.

फ्रेंच अजिबात येत नाही. चालेल?

‘बोंजूर’ आणि ‘मेर्सी’ एवढ्यावर नऊ दिवस निघतात, फक्त दुकानात शिरताना बोंजूर विसरू नका. आणि घाटात एक शब्द सतत कानावर पडेल. दमून, मान खाली घालून चढत असताना रस्त्याकडेचे अनोळखी लोक, लहान मुलं, खुर्चीत बसलेल्या आज्या तुम्हाला बघून ओरडतात: ‘आले! आले!’ त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘चला, चला’. पहिल्या दिवशी आपल्या मंडळींना वाटतं, आपण आलो म्हणूनच ओरडताहेत.